फुलांचं जाऊबाई बघतात

बरखेडा, भोपाळ
९ नोव्हेंबर १९८१

प्रिय मंगला,

पाकिटावर तुझ्या नावाआधी काय लिहायचं यावरून आज आमच्या घरात परत वाजलं. हे म्हणाले, "रीतीप्रमाणे गं. भा. लिही." मी म्हटलं, तिचा नवरा गेला ही बातमी नागपूरच्या पोस्टमनला दर पत्रात कशाला द्यायची? त्याला मंगला पांढरीपांडे एवढं पुरे. शेवटी मी माझंच खरं केलं.

आता मुद्द्याचं. हे २८ फेब्रुवारीला रिटायर होतात. चोवीस वर्षं झाली कारखान्यात. क्वार्टर एप्रिलअखेर रिकामं करून द्यायचं. ग्वाल्हेरला धाकट्या दिरांनी आमच्यासाठी वरचा मजला ठेवला आहे. मजला चांगला हवेशीर आहे, पण वरचा मजला म्हणजे पायाखाली माती नाही. क्वार्टर कंपनीचं असेल, पण मागची-पुढची झाडं माझी आहेत, आणि ती नव्या माणसाच्या भरवशावर टाकून मी जाणार नाही. कुणाला काय द्यायचं ते आतापासून ठरवते आहे. कढीपत्ता गुप्ताबाईंना. झेंडूचं बी ज्याला पाहिजे त्याला. विश्वकर्मा पूजेला यांच्या शॉपमधल्या सगळ्या मशिनांना माझ्याच अंगणातले हार असायचे, ती परंपरा मोडायला नको.

तुझा मोगरा मात्र माझा नाही, म्हणून तुला विचारते. तू क्वार्टर सोडून गेलीस त्या दिवशी, मधल्या भिंतीवरून मला म्हणालीस, "ताई, एवढा सांभाळा." गेली चार वर्षं सांभाळला. दर जानेवारीत छाटते, शेणखत घालते, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी. या वर्षी एवढा फुलला होता की रस्त्यावरून जाणारे थांबायचे. मला दर वेळी अशोकभाऊ आठवतात. शनिवारी भोंगा झाला की सायकल भिंतीला लावून ते आधी मोगऱ्याकडे जायचे, रुमालभर कळ्या खुडून तुला द्यायचे, आणि तू मान खाली घालून आत पळायचीस. आम्ही बायका हसायचो. काय जोडी होती तुमची!

कुंडीत काढून जी.टी. एक्सप्रेसने नागपूरला येणाऱ्या कुणाच्या हाती पाठवू का? लवकर कळव.

तुझी
सिंधूताई


नागपूर
२४ नोव्हेंबर १९८१

सौ. सिंधूताई,

नमस्कार. तुमचं पत्र भाऊजींनी जेवणानंतर वाचून दाखवलं. सगळ्यांना आवडलं. गं. भा.च्या मजकुराला जरा थांबले, मग हसले. भाऊजी शाळामास्तर असल्याने घरात आलेलं कोणतंही पत्र मोठ्याने वाचायचं ही इथली पद्धत आहे.

मधुकररावांच्या रिटायरमेंटचं वाचून बरंही वाटलं आणि कसंसंही. तुम्ही बरखेड्यात नाही ही कल्पनाच करता येत नाही.

मोगरा कुणालाही देऊन टाका. इथे पाठवू नका. मला आता त्याचं काय काम? शिवाय इथल्या अंगणात फुलझाडांचं सगळं जाऊबाई बघतात. पाल्याचं माझ्याकडे आहे. गवती चहा, पुदिना, ओवा, अडुळसा, कोरफड असं सगळं मागच्या बाजूला लावलं आहे. गल्लीत कुणाला खोकला झाला की अडुळशासाठी माझ्याकडे येतात, कुणाचं पोट दुखलं की ओव्याच्या पानांसाठी. परवा भाऊजी म्हणाले, मंगलाचा दवाखाना चांगला चालतो. तेव्हा माझं छान चाललं आहे, काळजी करू नका.

अलकाचं लग्न ठरलं. भाऊजींची ही एकच मुलगी, नवरा मुलगा अमरावतीचा आहे, बँकेत. १४ फेब्रुवारीचा मुहूर्त आहे. वेण्या-गजरे मीच करणार, कारण अलका म्हणते काकूसारखी वेणी नागपुरात कुणी गुंफत नाही. शेवंती, अबोली आणि मध्ये मरवा, असं ठरवलं आहे.

मधुकररावांना नमस्कार.

आपली
मंगला


बरखेडा
२ डिसेंबर १९८१

प्रिय मंगला,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. "फुलांचं जाऊबाई बघतात, पाल्याचं माझ्याकडे." किती सहज लिहिलंस! माझं लहानपण ग्वाल्हेरात गेलं आहे, मंगला. आमच्या आत्याला घरात काय चालतं नि काय नाही हे मी बघितलेलं आहे. तिने तुळशीला पाणी घातलेलं चालायचं, जास्वंद तोडलेली चालायची नाही. दुसऱ्याच्या खोकल्याला तुझा हात चालतो, देवाच्या फुलाला चालत नाही, हाच अर्थ ना? आणि मोगऱ्याचं तुला काय काम म्हणे! पस्तीस वर्षांची बाई तू.

आता ऐक. हे आपल्या पेन्शनच्या कागदांसाठी पर्सोनेलमध्ये गेले होते. तिथल्या बाबूने ओळखीने अशोकभाऊंची फाइल काढली. अजून बंद केलेली नाही. कंपनीने जानेवारी ७८ मध्ये तुला नोकरीबद्दल पत्र पाठवलं होतं, आणि त्याला उत्तर गेलं आहे, की कुटुंबास नोकरीची आवश्यकता नाही. अक्षर तुझं नाही. अगदी मास्तरी, वळणदार. खाली सही तेवढी तुझी. नवरा जाऊन महिना झालेल्या बाईसमोर कागद ठेवायचा आणि सही घ्यायची, याला काय म्हणतात ते मी लिहीत नाही. तुझ्या भाऊजींनी तुला सांगितलं तरी होतं का, कशावर सही करतेस ते?

अजून वेळ गेलेली नाही. टाउनशिपच्या नर्सरीत रोपांची देखरेख करायला माणूस घ्यायचं आहे आणि गेलेल्या कामगारांच्या घरच्यांचा आधी विचार होणार आहे. अर्जाची मुदत मार्चअखेर. नर्सरीचे सक्सेना साहेब यांच्या ओळखीचे आहेत. अर्जाचा फॉर्म सोबत ठेवला आहे. भर आणि पाठव. मोगरा मी कुणालाही देणार नाही. तू इथे येऊन, तो तोडून, केसांत माळशील तेव्हाच मी ग्वाल्हेरच्या गाडीत बसेन.

सिंधूताई


(पोस्टकार्ड)
नागपूर
११ डिसेंबर १९८१

सौ. सिंधूताई,

तुमचं पत्रही भाऊजींनी सगळ्यांसमोर वाचायला घेतलं. आत्याच्या मजकुरापर्यंत मोठ्याने वाचलं. मग मनात वाचलं. मग घडी घालून माझ्या हातात दिलं आणि फिरायला गेले. जाऊबाई दोन दिवस बोलत नाहीत. फॉर्म भाऊजींकडेच राहिला आहे. लग्न होईपर्यंत कृपा करून असं काही लिहू नका.

मंगला


बरखेडा
२० डिसेंबर १९८१

श्री. भालचंद्रराव पांढरीपांडे यांस,

आपली ओळख अशोकभाऊंच्या दिवसांना झाली तेवढीच. तेव्हा हे पत्र धाडसाने लिहीत आहे. मी मंगलाला जे लिहिलं ते आपण वाचलंत. मंगलासाठी लिहिलेलं होतं, आपल्यासाठी नव्हतं, पण ते खोटं होतं असं म्हणून माघारही घेत नाही. ते उत्तर आपल्या अक्षरात आहे. तिच्या बाजूने बोलणारं तिथे कुणी नाही, म्हणून मी बोलते आहे. राग माझ्यावर धरावा, तिच्यावर धरू नये. तो फॉर्म तिचा आहे, तिला द्यावा.

माझे यजमान म्हणतात, मी फार पुढे जाते. असेल.

सौ. सिंधू खानवलकर


नागपूर
२ जानेवारी १९८२

सौ. सिंधूताई खानवलकर यांस,

आपलं पत्र मिळालं. ते मी घरात वाचून दाखवलेलं नाही.

त्या उत्तराचं अक्षर माझं आहे, मजकूरही माझा आहे. तो का लिहिला हे मंगलाने आपल्याला सांगायचं, तिला सांगावंसं वाटलं तर. मी सांगणार नाही.

फुलांबद्दल आपण जे लिहिलंत ते मी परत वाचलं. आमच्या घरात कुणी तिला नको म्हटल्याचं मला आठवत नाही. पण कुणी हो म्हटल्याचंही आठवत नाही, हे आपलं पत्र वाचल्यावर लक्षात आलं.

फॉर्म माझ्या कपाटात सुरक्षित आहे. घरात लग्न आहे. तोवर मला वेळ द्यावा.

भालचंद्र पांढरीपांडे


नागपूर
२१ फेब्रुवारी १९८२

सौ. सिंधूताई,

हे पत्र मी पोस्टात स्वतः टाकणार आहे आणि तुमचं उत्तर आलं तर ते स्वतःच वाचणार आहे. तसं घरात सांगितलं आहे.

आधी तुमची एक चूक दुरुस्त करते. तेव्हाच करायला हवी होती, पण केली नाही, आणि तुमचा बाण भाऊजींना लागलेला मी दोन महिने नुसता बघत राहिले. त्या उत्तरावर मी वाचून सही केली होती. भाऊजींनी मला दोनदा विचारलं होतं, "मंगला, नक्की ना?" नको मीच म्हटलं होतं. नोकरी म्हणजे परत बरखेडा, आणि बरखेडा म्हणजे साडेचारचा भोंगा. भोंगा झाला की माझी नजर आपोआप फाटकाकडे जायची. कावीळ झाली आणि नऊ दिवसांत हे गेले, त्यानंतरही जायची. रोज साडेचारला ते रिकामं फाटक बघायचं बळ मला नव्हतं. भाऊजी म्हणाले, "कारण मी लिहीत नाही, आवश्यकता नाही एवढंच लिहितो, म्हणजे तुला कुणी काही विचारणार नाही." त्यांनी माझा मान राखला होता, ताई.

आता लग्नाचं. लग्न उत्तम झालं. मी दोन दिवस कोठीच्या खोलीत बसून वेण्या केल्या. बेचाळीस झाल्या. अलकाची वेणी वेगळी, त्यात मरव्याची पेर जास्त घातली, कारण तिला तो वास आवडतो. मांडवात हळदीकुंकवाला वेण्यांचं ताट फिरत होतं, मी खांबाशी उभी होते. अलकाची एक मैत्रीण, तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं, माझ्यासमोर ताट धरून म्हणाली, "काकू, घ्या ना." मी हात पुढे केला की नाही ते मला खरंच आठवत नाही. पण नवऱ्यामुलाकडच्या एक बाई पटकन म्हणाल्या, "अगं, त्यांना नाही!" आणि ताट पुढे ओढून घेतलं. त्या वाईट मनाने म्हणाल्या नाहीत. गरम तव्यावरून मुलाचा हात ओढून घ्यावा तसं त्यांनी केलं.

बेचाळीसच्या बेचाळीस वेण्या माझ्या हातच्या होत्या. मी रडले नाही. उलट मला एकदम स्वच्छ दिसलं की या खांबाशी मी अशी आणखी तीस वर्षं उभी राहू शकते, आणि सगळे माझ्याशी चांगलेच वागतील.

भाऊजी समोरच होते, त्यांनी बघितलं. पाहुणे गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी मागे ओव्याला पाणी घालत होते, तिथे आले. हातात तुमचा फॉर्म.

"हा तुझा कागद," म्हणाले. "एवढे दिवस ठेवायला नको होता."

मी म्हटलं, "मी मागितलाही नाही, भाऊजी."

"तू जाशील तर लोक म्हणतील, भावाच्या बायकोला दोन घास जड झाले. माळीणकामाला लावली."

"म्हणतील. मी सांगेन की दोन घास कधी जड झाले नाहीत. काम मला हवं आहे म्हणून गेले."

"आणि तो भोंगा?" म्हणाले. ताई, चार वर्षांत त्यांनी तो शब्द काढला नव्हता, आणि त्यांच्या लक्षात होता. मी म्हटलं, "तो वाजेलच. वाजू दे." मग त्यांनीच खिशातलं पेन काढून दिलं. तिथेच, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर, मी फॉर्म भरला.

आता शेवटचं, आणि हे वाचून तुम्ही चिडाल. ताई, मला मोगरा आवडत नाही. कधीच आवडला नाही. त्या वासाने माझी अर्धशिशी उठते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ह्यांनी मोठ्या हौसेने तो लावला आणि पहिल्या कळ्या हातात दिल्या, तेव्हा एवढा आनंद होता चेहऱ्यावर की मला सांगवेना. त्या शनिवारी नाही सांगितलं, मग पुढच्या कुठल्याच शनिवारी सांगता येईना. मी लाजून आत पळायची नाही. त्या कळ्या ताकाच्या भांड्याखाली झाकायला पळायची. सात वर्षं. ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळलं नाही याचं मला वाईटही वाटत नाही. पण तुम्ही माझ्यासाठी फुलाचा हक्क मागताना तोच मोगरा माझ्या डोक्यात घालायला निघालात, तेव्हा कोठीच्या खोलीत मी एकटीच हसले होते.

मला गुलबक्षी आवडते. आपल्या न्हाणीघराच्या मोरीपाशी आपोआप उगवायची, आठवते? देवाला कुणी वाहत नाही, विकत कुणी घेत नाही. दुपारची कामं आटोपली की उमलते. लहानपणी आम्ही मैत्रिणी तिच्या देठांची वेणी घालायचो, दोरा-सुई काही नको, फुलातच फूल अडकवायचं. माझ्या डोक्यात घालायचंच असेल तर ते फूल घाला. पण तेही मीच तोडेन.

मंगला


बरखेडा
१ मार्च १९८२

मंगले,

चिडले नाही. पत्र वाचून अशी हसत सुटले की हे आतून धावत आले. यांना सांगितलं तर हे म्हणतात, "म्हणजे चार वर्षं तू अर्धशिशीला शेणखत घातलंस!"

नाही, पण मग हसू थांबलं. मी तुझ्या शेजारी सात वर्षं राहिले, भिंतीला भिंत लागून. साखर-दूध, ताप-खोकला सगळं एकमेकींचं. आणि तुला कुठलं फूल आवडतं हे एकदाही विचारलं नाही. तुला मोगरा आवडतो हे मी ठरवूनच टाकलं होतं, जसं त्या बाईंनी तुला वेणी चालत नाही हे ठरवलं. माझं ठरवणं प्रेमाचं होतं, एवढाच फरक. तो फरक मोठा आहे असं मी स्वतःला सांगते आहे.

भालचंद्ररावांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात माफी आहे. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे अक्षर बिघडलं असेल, ते मास्तर आहेत, समजून घेतील.

मोगरा दिला. आपल्या रांगेत केरळच्या एक नर्सबाई आल्या आहेत, मिसेस नायर. त्या रोज आंघोळ करून केसांत फूल माळल्याशिवाय ड्यूटीला जात नाहीत. झाड बघून त्यांनी मला चक्क मिठी मारली.

काल यांचा निरोप समारंभ झाला. गळ्यात झेंडूचे एवढे हार की हे कुठूनच दिसत नव्हते. घरी आल्यावर एकेक हार काढून दाराला बांधत बसले. मला म्हणाले, "चोवीस वर्षं मशिनीला घातले, आज मला." आणि डोळे पुसले. लोकांना झेंडू स्वस्तातला वाटतो. मला त्याच्यासारखं फूल नाही. हाताला वास राहतो, हार चार दिवस टिकतो आणि कुठे चालत नाही असं ठिकाण नाही.

तुझा अर्ज पोचला. सक्सेना साहेबांनी १२ एप्रिलला बोलावलं आहे. यांनी शब्द टाकू का विचारलं, तर साहेब म्हणाले, "शब्द रहने दीजिए. मैं दस पौधे सामने रखूँगा, बाई नाम और काम बता दें तो रख लूँगा." मी म्हटलं, दहा नाही, पन्नास ठेवा! भालचंद्रराव सोबत येणार असतील तर त्यांची झोपायची सोय बाहेरच्या खोलीत केली आहे. माझं सामान अर्धं बांधलेलं असेल, पण तुझ्यासाठी चूल पेटती ठेवीन.

सिंधूताई


बरखेडा, भोपाळ
८ ऑगस्ट १९८२

सौ. सिंधूताई,

एप्रिलमध्ये तुम्ही गाडीत बसताना म्हणालात, "आता पत्र तू लिहायचं, टाउनशिपमधून." मला लिहायला तीन महिने लागले. कारण दिवसभर हात मातीत आणि संध्याकाळी डोळे मिटतात. पण आज रविवार आहे, पाऊस उघडला आहे, आणि कालची गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी भोंग्याचं सांगते, कारण भाऊजींनीही मागच्या पत्रात तेच विचारलं. पहिले आठ-दहा दिवस साडेचार वाजले की मान आपोआप फाटकाकडे वळायची. मग कळलं की साडेचारला नर्सरीत रोपांना पाणी द्यायची वेळ असते, दोन्ही हातांत झाऱ्या असतात आणि मान वर करायला सवड नसते. वाजतो. वाजून जातो. कधी कधी ह्यांची आठवण येते, पण ती दुपारी बारालाही येते.

सक्सेना साहेब कडक आहेत पण सरळ आहेत. नर्सरीत दोन माळी आहेत, दोघांनीही सुरुवातीला मला बाईमाणूस म्हणून सावलीत बसवायचा प्रयत्न केला. मी कलमं बांधायला घेतली तेव्हा गप्प झाले. आता मला दीदी म्हणतात आणि खत कालवताना आधी विचारतात.

काल दुपारी एक बाई आली. पंचवीस-सव्वीसची असेल. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. नाव गोमती. नवरा इथेच कामाला होता, वैशाखात गेला. सासू-सासऱ्यांबरोबर अजून क्वार्टरमध्येच राहते. टाउनशिपच्या लोकांना नर्सरीतून पावसाळ्यात दोन-दोन रोपं देतात, ती घ्यायला आली होती. फाटकातच उभी राहिली आणि खाली बघून म्हणाली, "दीदी, कोई ऐसी चीज़ दे दीजिए जो मुझे चल जाए."

माळ्याने लगेच तुळशीचं रोप उचललं. चांगल्या मनाने उचललं. मी त्याला म्हटलं, "ठहरो."

मी तिला विचारलं, "तुम्हें क्या पसंद है?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही वेगळ्याच भाषेत बोलले. मग म्हणाली, "पसंद? मतलब घर के लिए?"

"नहीं. तुम्हें."

मी म्हटलं, "घाई नाही, जा, सगळं बघून ये." ती रोपांच्या रांगांतून चालत गेली. पदर सावरत, कुणी बघत तर नाही ना अशी. एक फेरी झाली. दुसरी झाली. मी माझं काम करत राहिले, मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही. शेवटी परत आली आणि बोट दाखवून अगदी हळू म्हणाली, "वो. बड़ा वाला. लाल."

ताई, ती कर्दळ होती. साधी नव्हे. पुरुषभर उंच, लालभडक, हातभर पानं. आणि ती साहेबांनी गेस्ट हाउसच्या फाटकासाठी राखून ठेवलेली, पुढच्या आठवड्यात दिल्लीहून कुणी मोठे अधिकारी येणार आहेत म्हणून. माळी म्हणाला, "दीदी, वो तो गेस्ट हाउस की है."

मी फावडं घेतलं. तिच्यासमोरच, मुळांना धक्का न लावता, मातीच्या गोळ्यासकट उपसली. ओलं बारदान गुंडाळून दिलं. म्हटलं, "पाणी भरपूर घाल. आणि घराच्या पुढे लाव, मागे नाही." तिने ती कडेवर घेतली, मूल घ्यावं तशी. रस्त्याच्या मधून चालत गेली. तिच्या खांद्याच्या वर ते पान डुलत होतं आणि त्याच्या वर ते लाल फूल. पार पुढच्या वळणापर्यंत मला दिसत होतं. दोन क्वार्टरमधल्या बायका बाहेर येऊन बघत होत्या. ती थांबली नाही.

साहेब चारला आले. रिकामा खड्डा बघून म्हणाले, "मंगलाबाई, यहाँ का पौधा कहाँ गया?"

मी म्हटलं, "एक बाई मागायला आली होती. तिला दिली."

"और गेस्ट हाउस?"

"मैं देख लूँगी, साहब."

मला वाटलं, साहेब आता रागावणार. पण मान हलवून ऑफिसात गेले. मी पदर खोचला, विळा घेतला आणि शेजारच्या वाफ्यातली कर्दळ उकरायला बसले. तिच्या एका कंदाचे चार होतात, आणि प्रत्येकाला आपली मुळं असतात. अंधार पडेपर्यंत मी असे सोळा कंद लावले.

तुमची
मंगला